वाणाचा डबा

शशिधरला संगमेशचा राग कधीच आला नव्हता. राग यायला समोरच्याने काहीतरी वाईट वागावं लागतं, आणि संगमेशने गेल्या चौदा वर्षांत ती सोय एकदाही करून दिली नव्हती. त्यामुळे शशिधरला जे काही व्हायचं ते पोटात व्हायचं, आणि पोटातलं दुखणं सांगायला डॉक्टर मिळत नाही.

दोघे साडू. लक्ष्मीपुरीतल्या बाळाप्पा या धान्याच्या व्यापाऱ्याच्या दोन मुली. थोरली वर्षाराणी त्र्याण्णव साली संगमेशला दिली, धाकटी पवित्रा शहाण्णव साली शशिधरला. तेव्हा संगमेशची शिरोली एमआयडीसीत भागीदारीतली एक लहानशी फौंड्री होती. दहावीला दोनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस. अंगावर काळी माती, नखांत काळी माती, बोलणंही तसंच खरबरीत. उलट शशिधर डिप्लोमावाला. मंगळवार पेठेत त्याचं टीव्ही, टेप आणि व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान. लग्नात बाळाप्पा पाहुण्यांना धरून धरून सांगत होता, "धाकटा जावई शिकलेला हाय. यंत्रातलं काय बी असू दे, शशीला विचारा." ते वाक्य ऐकताना थोरल्या जावयाच्या तोंडाकडे बघायला शशिधर विसरला नव्हता.

पण दिवस सगळे सारखे नसतात. संगमेशने भागीदार बाजूला केले, दुसरी भट्टी टाकली, पुण्याच्या ऑर्डरी मिळवल्या, शिरोलीच्या वाटेवर बंगला बांधला. इकडे व्हीसीआर गेले, सीडी आल्या, सीडीही जायला लागल्या. शशिधरने दुकानाची पाटी तीनदा रंगवली आणि शेवटी तिथे 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती' आलं. एका कोपऱ्यात पवित्रा लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची निमंत्रणं टाइप करून द्यायची. पोटापुरतं मिळत होतं. शशिधरचं म्हणणं एवढंच होतं की पोटापुरतंच का.

मग तो मोजायला लागला. गाडीत पुढच्या सीटवर कोण बसतं, सासूबाई रत्नव्वा पहिली पोळी कुणाच्या ताटात टाकते, मामा, म्हणजे सासरे बाळाप्पा, कुणाशी किती वेळ बोलतात. संगमेशला ते "धंदा काय म्हणतोय?" विचारायचे आणि अर्धा तास ऐकत बसायचे. शशिधरला विचारायचे, "जेवला न्हवं?" आणि त्याचं उत्तर एका शब्दात संपायचं. 'शशीला विचारा' हे वाक्य घरातली बाकीची माणसं अजून म्हणायची, मिक्सर बिघडला की वर्षाराणीचा फोन यायचा. पण खुद्द मामांच्या तोंडून ते वाक्य त्याने दोन-तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याच्याकडे इस्टेट म्हणून होतं ते तेवढंच वाक्य, आणि मामा ते विसरले असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

गेल्या श्रावणात सगळे राधानगरीला धरण बघायला गेले होते. गाडी अर्थात संगमेशची. शशिधर मागच्या आडव्या सीटवर, जेवणाच्या डब्यांच्या पलीकडे. संगमेशने नवा हाय डेफिनिशनचा व्हिडिओ कॅमेरा आणला होता आणि बटण कुठलं दाबायचं ते शशिधरलाच विचारून घेतलं. त्याने दाखवलं. मग संगमेश सगळ्यांना उभं करून शूटिंग करत सुटला आणि शशिधर "मला न्हाय यायचं" म्हणून लांबच्या टपरीवर मक्याचं कणीस खात उभा राहिला. हाका आल्या तेव्हाच परतला. असा तो माणूस. वाईट नव्हता, पण ज्याच्या त्याच्या ताटात बघून जेवणारा.

तर दोन हजार दहा सालच्या मार्चमध्ये, दुपारच्या उन्हात, संगमेश दुकानात आला. गाडी रस्त्यातच लावून, रुमालाने मान पुसत.

"शशी, एक काम हाय बघ. टीव्हीला जोडायला बारका कॉम्प्युटर पायजे. बारका म्हंजे एकदम बारका, शोकेसमधी बसंल असा. आवाज करायचा न्हाय. आनी त्या माझ्या कॅमेऱ्यातलं शूटिंग, ती हाय डेफिनिशनची पिच्चर असत्यात न्हवं, ती अडकाय न्हाय पायजेत. लोण्यावानी चालली पायजेत."

"पण दाजी, तुमच्या हॉलमधी हाय की तसला." पवित्राचं बघून शशिधरही त्याला दाजीच म्हणायचा.

"त्यो हाय. ह्यो आणिक एक पायजे. बत्तीस इंचीला जोडायचा."

शशिधरने मनात हिशेब केला. हॉलमध्ये बेचाळीस इंची आहे, म्हणजे हा बत्तीस इंची बेडरूममध्ये. झोपता झोपता बघायला. त्याच्या स्वतःच्या घरात एकवीस इंची डबडा टीव्ही होता, आणि त्याचा वरचा कोपरा हिरवा दिसत होता.

"कितीपर्यंतचा बघू?"

"ते मला कशाला इचारतूस? तू निवड. मला त्यातलं काय कळतंय?" संगमेश उठलाही. "धोंड्याच्या आधी पायजे तेवढं बघ. मामांनी दोघांस्नी बोलवलंय."

त्या वर्षी अधिक महिना वैशाखात आला होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयांना बोलवायचं, पाटावर बसवून ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. वाणात तेहतीस अनारसे, आणि अनारसेच, कारण वाणातल्या पदार्थाला भोकांची जाळी लागते. संगमेशला कॉम्प्युटर नेमका धोंड्याच्या आधी का हवा, असा प्रश्न शशिधरला पडायला हवा होता. पडला नाही. हेवा करणारा माणूस फार हुशार असतो, पण एकाच दिशेने.

आता एक सांगायला हवं. कामाच्या बाबतीत शशिधर खरा होता. मुंबईहून त्याने दोन डबे मागवले, एक पांढरा, एक काळा. दोन्ही जाडजूड पुस्तकाएवढे. बाहेरून फरक रंगाचा, आत मात्र जमीन-अस्मानाचा. अशा बारक्या कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर मुळात अशक्त असतो, कारण तो सशक्त केला तर तापतो, तापला की पंखा लागतो आणि पंखा लागला की आवाज आला. पांढऱ्या डब्यात त्यावर तोड होती. मोठ्या चित्रपटाचं ओझं उचलायला त्यात वेगळी चिप बसवली होती, प्रोसेसर निवांत. काळ्यात ती चिप नव्हती. साधी सीडी, डीव्हीडी तो झकास चालवायचा. पण हाय डेफिनिशनची मोठी फाइल लावली की आवाज पुढे निघून जायचा आणि चित्र मागे अडून बसायचं.

तीन दिवस त्याने दोन्ही डबे दुकानातल्या चांगल्या मॉनिटरला लावून तपासले. नमुन्याची एक परदेशी फाइल होती, वाघ नदीवर पाणी पितो अशी. काळ्यावर वाघाने तोंड खाली नेलं की ते तिथेच राहायचं, आणि मग एकदम वाघ उठून गेलेला असायचा. पांढऱ्यावर वाघाच्या मिशीवरून ओघळणारा थेंबसुद्धा सरळ खाली यायचा. शशिधरने डब्यावर हात ठेवून बघितला. कोमट. कान लावला. चिडीचूप. असल्या वेळी तो सुखात असायचा. त्याने पांढरा डबा पुसला, खोक्यात ठेवला आणि वर पेनाने 'संगमेश दाजी' असं लिहिलं.

पवित्रा पत्रिका टाइप करायचं थांबवून मागे येऊन उभी होती. "परत एकदा लावा की तो वाघ," ती म्हणाली. त्याने डबा पुन्हा काढून लावला. ती पूर्ण तीन मिनिटं बघत होती.

"कसलं सुरेख दिसतंय हो," ती म्हणाली. "पाण्याला हात लावावा वाटतोय. आक्काची मजा हाय."

आक्काची मजा आहे. त्यात टोमणा नव्हता. बहिणीचं कौतुक होतं आणि थोडंसं, अगदी थोडंसं, स्वतःविषयी काहीतरी. ती जाऊन पुन्हा 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप करायला लागली. पण शशिधरला ते वाक्य झोंबलं. आपण तीन दिवस घाम गाळायचा, आपलं डोकं खर्च करायचं, आणि मजा त्याच्या बेडरूममध्ये. आपली बायको दुकानात उभी राहून तीन मिनिटं बघणार, आणि तिची बहीण लोळत बघणार. मामा-मामी तिकडे जाणार, बघणार, म्हणणार, संगमेशकडं काय चित्र दिसतंय! निवडला कुणी, हे कोण विचारणार?

चारला पवित्रा घरी गेली. पाचला शशिधरने खोक्यातून पांढरा डबा काढला आणि काळा ठेवला. खोक्यावरचं नाव तेच राहिलं. पांढरा त्याने फळीवर, जुन्या कीबोर्डांच्या मागे सरकवला. हे करताना त्याला वाईट वगैरे वाटलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी त्याला मोकळं वाटलं. बसू दे अडकत. मग दाजी नव्या टीव्हीला शिव्या घालतील, कॅमेऱ्याला घालतील, आणि पाहुण्यांसमोर रिमोट झाडत बसतील. मग आपण जायचं, हळहळायचं, 'फाइलच जड आहे' म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी संगमेश डबा न्यायला आला. खोकं उघडूनही बघितलं नाही.

"अडकणार न्हाय न्हवं?"

"न्हाय अडकत," शशिधर म्हणाला.

"तू बघितलंस, झालं तर मग."

पैसे मात्र त्याने काळ्याचेच घेतले. एक रुपया वर नाही. तेवढा तो सचोटीचा होता, आणि त्या रात्री झोपताना त्याने स्वतःला हे दोनदा सांगितलंही.

धोंड्याचं जेवण रविवारी होतं. लक्ष्मीपुरीतल्या घरी माडीवर दोन पाट मांडलेले. थोरल्याचा उजवीकडे, हे शशिधरने जिना चढता चढता बघून घेतलं. दोघांच्या कपाळाला विभूती लागली, ओवाळणी झाली. रत्नव्वाने धोंडे वाढले, त्यावर तुपाची धार. पहिला धोंडा संगमेशच्या ताटात. मोजला.

जेवणं झाल्यावर वाणं आली. संगमेशपुढे अनारसे आणि तांब्याचा एक तांब्या. बस्स. शशिधरला वाटलं आपण चुकीचं बघतोय. दरवेळी थोरल्याचं वाण जड असतं, निदान त्याच्या मोजणीत तरी. मग त्याच्यापुढे अनारसे आले, तसाच एक तांब्या आला, आणि त्याच्यामागे रंगीत कागदात गुंडाळलेलं एक चौकोनी काहीतरी आलं.

"सोडा की जावईबापू," बाळाप्पा म्हणाला. थकला होता तो आता, पण डोळे मिश्कील.

शशिधरने कागद फाडला. आत खोकं, आणि खोक्यावर त्याच्याच अक्षरात 'संगमेश दाजी'.

संगमेश खो खो हसला. "नाव खोडायचं राहिलं की!"

"ह्ये... तुमचं हाय, दाजी."

"माझं कशाला? मला हाय न्हवं एक. मामा मला म्हणाले, यंदा दोघांस्नी वाण काय देऊ? म्हटलं, माझ्या घरात ठेवाय जागा न्हाय, मला तांब्या द्या. माझ्या वाट्याचं घाला शशीच्या वाणात. त्याच्या घरात अजून हिरवा टीव्ही हाय, म्हटलं. पण त्याला काय घ्यावं ह्ये दुसरं कोण निवडणार? त्यालाच निवडाय लावलं!" आणि तो सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, "आनी बघा, डब्याला भोकं हाईत की हवेला. जाळी हाय. वाणात चालतंय!"

सगळी माडी हसली. रत्नव्वा हसली, वर्षाराणी पदर तोंडाला लावून हसली. पवित्राचा चेहरा तर फुलला होता. ती पुढे आली, तिने हौसेने खोक्याचं झाकण उघडलं, आणि डबा बाहेर काढला.

काळा.

ती क्षणभर डब्याकडे बघत राहिली, मग तिने नवऱ्याकडे बघितलं. डबा हळूच खोक्यात ठेवून तिने झाकण लावलं. शशिधरच्या पोटातला धोंडा तेव्हा खरोखरच दगडाचा झाला.

"नवा टीव्ही बी तुमच्या घरात पोचलाय," बाळाप्पाने सांगितलं. "तुम्ही इकडं जेवत हुता तवा संगमेशच्या माणसांनी भिंतीला लावला बी. शेजारच्या शालूबाईकडं किल्ली हुती. चला आता समदे. मला बघायचंय."

"आज?" शशिधरचा आवाज चिरकला. "आज कशाला मामा? ऊन किती हाय. उद्या निवांत बसवतो, मग या."

"ऊन गाडीला लागतंय, आपल्याला न्हाय," संगमेश म्हणाला.

"तसं न्हाय, केबल लागंल. दुकानातनं घेऊन येतो, तुम्ही व्हा पुढं."

"केबल आणलीया."

"मग फाइल... चांगली फाइल लागती बघाय. ती बी दुकानातच हाय."

संगमेशने खिशातून पेन ड्राइव्ह काढून नाचवला. "राधानगरीचं शूटिंग! वर्ष होत आलं, तुम्ही कुणी धड बघितलं न्हाय. चल, बस. पुढं बस तू आज, तुझं वाण हाय."

चौदा वर्षांत पहिल्यांदा शशिधर पुढच्या सीटवर बसला. मांडीवर खोकं. गाडी मंगळवार पेठेत शिरली, त्याच्या दुकानावरून गेली. बंद शटरच्या आत, फळीवर, कीबोर्डांच्या मागे पांढरा डबा होता. दहा पावलं. 'थांबवा गाडी' एवढं म्हणायचा अवकाश. पण थांबवून सांगणार काय? हा चुकीचा दिलाय म्हणून? न्हाय अडकत, असं त्याने डोळ्यात डोळे घालून सांगितलं होतं. आरशात मागच्या सीटवरची पवित्रा दिसत होती. ती बाहेर बघत होती. दुकान मागे गेलं.

दोन खोल्यांच्या घरात सहा-सात माणसं मावली. शालूबाईही पदराला हात पुसत आली. एकवीस इंची डबडा कोपऱ्यात जमिनीवर उतरवलेला, आणि भिंतीवर नवा बत्तीस इंची. शशिधरने डबा जोडला. एरवी दोन मिनिटांचं काम, त्याने पंधरा मिनिटं घेतली. मनात म्हणाला, चालू दे. एकदा चालू दे, पुन्हा जन्मात कुणाचं ताट बघणार नाही.

सुरुवातीला चाललंही. राधानगरीचा रस्ता, हिरवीगार झाडी, गाडीच्या काचेवरचे थेंब. सगळे "आहाहा" म्हणाले. मग संगमेशने कॅमेरा धरणाकडे वळवला, दरवाजांतून पांढरं पाणी कोसळायला लागलं, सगळ्या पडद्यावर पाणीच पाणी झालं आणि चित्र अडलं. पाणी हवेत थांबलं. एक झटका, पुन्हा थांबलं. आवाज मात्र न थांबता चालला होता, धो धो.

"काय झालं?" रत्नव्वाने विचारलं.

"जड हाय फाइल," शशिधर पुटपुटला.

चित्राने आणखी एक उडी मारली. आता पडद्यावर बाळाप्पा होता, कठड्याला टेकलेला, डोक्याला मफलर, तोंड अर्धवट उघडं. तसाच राहिला. आणि त्या न हलणाऱ्या तोंडाच्या मागून त्याचा आवाज आला, स्वच्छ, खोलीभर.

"ही दारं आपोआप कशी काय उघडत्यात रं संगमेश? माणूस तर कोण दिसंना."

मग कॅमेऱ्यामागचा संगमेश. "मला काय ठावं मामा."

"शशीला विचारा की. कुठं गेला त्यो? असलं समदं त्याला ठावं असतंय." थोडा वेळ नुसतं पाणी. मग पुन्हा बाळाप्पा, जरा हळू आवाजात, पण कॅमेऱ्याने तोही पकडला होता. "तुला म्हणून सांगतो, राग मानू नको. वर्षाची मला काळजी वाटती. धंदा मोठा, आज हाय, उद्या काय. पवीची न्हाय वाटत. त्यो पोरगा शांत हाय, डोकंवाला हाय. कुणाचं वाईट करायचा न्हाय. कुठं बी टाकला तर पोट भरंल."

पडद्यावर बाळाप्पाचं तोंड अजून तसंच अर्धवट उघडं होतं. खरा बाळाप्पा खुर्चीत बसून लाजल्यासारखा हसत होता. "मी म्हटलं व्हय असं?" तो म्हणाला. "म्हटलं असंल. खरंच हाय की."

"ही जागा मी धा वेळा बघितलीया," संगमेश पडद्याकडे बघत म्हणाला. नेहमीचा हसरा आवाज नव्हता तो. "मला कुणी असं कधी म्हटलं न्हाय. म्हणून तर आणलं आज, शशीला ऐकाय मिळावं." मग त्याने हात झटकला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. "पण पांढरं पाणी काय चालंना! चूक माझी हाय बरं का मामा. मी कुणासाठी हाय ह्ये सांगितलंच न्हाय. ह्यानं पाव्हण्याचे पैशे वाचवायचे म्हणून स्वस्तातला दिला मला. दुसरा असता तर महागाचा गळ्यात मारला असता. माझंच चुकलं, किमतीचं मीच सांगाय पायजे हुतं."

"मग बरोबर हाय," बाळाप्पा म्हणाला. "त्याचं काय चुकलं न्हाय."

शशिधर डब्याशेजारी जमिनीवर बसून होता. संगमेशने त्याला वाचवलं होतं, आणि हे खुद्द संगमेशला माहीतही नव्हतं. शशिधरला वाटलं, याने एक शिवी द्यावी, एकदा तरी. पण तेवढीही सोय त्या माणसाने करून दिली नाही. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या तळाशी तेच जुनं दुखणं अजून जागं होतं. हा इथेही वरचढ ठरला.

सहाच्या सुमारास चहा पिऊन सगळे गेले. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. पवित्रा कपबशा गोळा करत होती. शशिधर उठला, चपलेत पाय घातले, दुकानाची किल्ली घेतली.

"आलोच मी."

"कुठं?"

"दुकानात. दुसरा डबा हाय तिथं. त्यो लावू. ह्यो... ह्यो जरा कच्चा हाय."

"पांढरा?"

"व्हय."

पवित्राने कपबशा खाली ठेवल्या. ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, भांडली असती तर त्याहून बरं. तिने नुसता हात पुढे केला, त्याच्या मुठीतून किल्ली काढून घेतली आणि खिळ्याला अडकवली.

"नको," ती म्हणाली. "माझ्या आक्काच्या घरात चालणार हुता न्हवं ह्यो? मग आपल्यात बी चालंल."

ती कपबशा घेऊन आत गेली. भिंतीवर बाळाप्पाचं तोंड अजून तसंच अर्धवट उघडं होतं, आणि ते बंद कसं करायचं हे त्या घरात एकट्या शशिधरला माहीत होतं. त्याने रिमोट हातात घेतला, पण बटण काही दाबलं नाही.